थंडीचं तेल

१

डिपस्टिकच्या टोकाला लटकलेला थेंब सुटायला एकेचाळीस सेकंद लागले. मनगटावरच्या घड्याळात मोजले, आणि खात्रीसाठी काडी पुसून पुन्हा बुडवली. दुसऱ्या वेळी त्रेचाळीस. गॅरेजच्या भिंतीवरचा तापमापक उणे अकरा दाखवत होता. एवढ्या थंडीत हिवाळी तेलाचा थेंब दोन आकडे मोजेपर्यंतही थांबत नाही.

थेंब दवाखान्याच्या व्हॅनमधल्या तेलाचा होता. व्हॅन आमच्या गॅरेजच्या पत्र्याखाली उभी होती आणि तिचं इंजिन जाम झालं होतं. शुक्रवारी दुपारी वरच्या गावातून एका बाळंतिणीला खाली आणताना घाटाच्या दुसऱ्याच वळणावर इंजिनातून ठोके ऐकू आले, आणि मग सगळं गप्प झालं. बाई, तिचं बाळ आणि नर्स अडीच तास त्या गारठलेल्या गाडीत बसून होत्या. शेवटी लाकडाच्या ट्रकनं त्यांना खाली आणलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण गावात कालपासून एकच चर्चा होती. म्हाताऱ्यानं इंजिनात भलतंच तेल ओतलं.

म्हातारा म्हणजे माझे बाबा. वय शहात्तर.

मला फोन करून बोलावून घेतलं ते दादानं. तो इथल्या शाळेत शिकवतो आणि बाबांबरोबर गॅरेजच्या मागच्या घरात राहतो. "तू तेलाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलीस," तो म्हणाला होता. "तू ये, तपास, आणि तूच त्यांना सांग. माझं म्हणणं त्यांना मास्तरकी वाटते."

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं मी उतरले. आता दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याचे हात कोटाच्या खिशात होते.

"चाळीस नंबरचं आहे ना?" त्यानं विचारलं.

"दाट आहे, एवढं नक्की."

"मग झालं तर. गेले दोन हिवाळे मी सांगतोय, आता पुरे करा. दर वेळी उत्तर ठरलेलं. 'बघू.' सोमवारी एक माणूस जागा बघायला येतोय, रंगाच्या दुकानाचं गोदाम करायला. ह्या वेळी 'बघू' चालणार नाही."

बाबा मागे, हत्यारांच्या फळीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. मी त्यांच्याकडे वळले. ते भडकतील, दादाला चार शब्द सुनावतील, अशी माझी अपेक्षा होती.

"असेल," ते हळूच म्हणाले. "माझ्याच हातून झालं असेल."

आयुष्यात पहिल्यांदाच मी बाबांना तेलाबद्दल 'असेल' म्हणताना ऐकलं, आणि मला थंडी वाजली ती तेव्हा.

२

तेलाच्या दाटपणाला पुस्तकात विष्यंदिता म्हणतात, बाबा त्याला तेलाचं 'अंग' म्हणत. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घ्यायचा, बोटं हळूहळू लांब करायची आणि तेलाची तार किती ताणली जाते ते बघायचं. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला हे शिकवलं. पुढे प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या आणि पाण्याची टाकी घेऊन मी आयुष्यभर तेच केलं. फक्त बोटांऐवजी दशांशात.

हिवाळी तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात, मध्ये डब्ल्यू. आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला. आधीचा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं आणि पंपाला ओढता येतं. बाबा व्हॅनमध्ये पाच-तीस घालत. माझ्या लहानपणी मिळायचं ते नुसतं चाळीस, एकच आकडा, उन्हाळ्यात छान आणि कडाक्यात गोठलेल्या मधासारखं. त्याचं एक जुनं पिंप अजून गॅरेजच्या कोपऱ्यात होतं. दारांच्या बिजागऱ्यांना आणि साखळ्यांना लावायला.

मी कामाची वही उघडली. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद. दवाखाना व्हॅन, तेल पाच-तीस, पाच लिटर, फिल्टर नवा. अक्षर पानाचं.

पाना म्हणजे बाबांचा कारागीर. तीस वर्षांपूर्वी कामाला लागला तेव्हा नुसत्या नजरेनं बोल्ट बघून म्हणायचा, "ह्याला तेरा नंबरचा पाना." नाव पडलं ते पडलंच. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात.

"तू होतास तेव्हा?" मी विचारलं.

"समोर होतो की, ताई. सीलबंद डबा फोडला. उस्तादांनी ओतलं, मी वही लिहिली."

"दादाला सांगितलंस?"

"मास्तरांना?" तो हसला, पण हसण्यात जीव नव्हता. "ते म्हणाले, तू तर त्यांचीच बाजू घेणार. वर हेही म्हणाले की, गॅरेज चालू राहिलं तर फायदा तुझाच. आता काय बोलणार? माझं तोंड तिथंच बंद झालं."

"राहिलं तर तुझा फायदा आहे का?"

"आहे ना. खोटं कशाला बोलू? दुसरं काय येतं मला?"

मी व्हॅनखाली सरकले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं करू नये असं काम, पण करावं लागलं. इंजिनाचं पूर्ण बूड रस्त्यावरच्या मिठानं करडं झालं होतं. बर्फ वितळावा म्हणून इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटून बसतं. फक्त एका जागी, तेल सोडायच्या बोल्टाभोवती, तळहाताएवढा स्वच्छ गोल होता. कुणीतरी बोल्ट घट्ट करून भोवतालची जागा फडक्यानं पुसली होती. पुढे गळती झालीच तर दिसावी म्हणून.

"पाना, बोल्टाभोवती पुसायची सवय कुणाची?"

"उस्तादांची. आणि त्यांच्याकडून माझी."

"तीन आठवडे मिठाच्या रस्त्यावर धावल्यावर पुसलेली जागा अशी चकचकीत राहील?"

तो माझ्या शेजारी आडवा झाला आणि बोल्टाभोवती बोट फिरवून बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "हा बोल्ट फार तर दोन दिवसांपूर्वी उघडलाय. आणि ताई, मी उघडलेला नाही."

३

व्हॅनचे ड्रायव्हरकाका दवाखान्याच्या आवारात फावड्यानं बर्फ बाजूला करत होते. मला शाळेत सोडायला जी जीप यायची तीही हेच चालवायचे. तेव्हा ते वीस-बावीस वर्षांचे होते, आणि मला त्यांचा आरसा फार आवडायचा, कारण त्यात बघून ते दर वळणावर केस नीट करायचे. आता केसच उरले नव्हते.

"पोरी, तू किती म्हातारी झालीस," ते म्हणाले.

"आरसा आहे का अजून?"

"आहे. बघायला काही राहिलं नाही."

मी शुक्रवारबद्दल विचारलं. सकाळी साडेसहाला ते इथून निघाले, आठला वरच्या गावात पोचले. बाळंतीण हलवण्याजोगी व्हायला दुपारचा एक वाजला. तोवर गाडी उघड्यावर, वाऱ्यात उभी होती.

"सकाळी सुरू व्हायला त्रास दिला?"

"छे. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात. शिवण्याच्या यंत्रासारखी."

"आणि दुपारी?"

"दुपारी धरेचना. नुसतं घुं करून गप्प. बॅटरी चांगली होती हो, दिवे लख्ख लागत होते. शेवटी उतारावर सोडली आणि गिअर टाकला. झाली सुरू. पण वळणावर..." त्यांनी फावडं बर्फात रोवलं.

उतारावर सुरू केल्यावर काय झालं असणार ते मला कळत होतं. इंजिन फिरायला लागलं, पण गोठलेलं तेल पंपाला ओढता आलं नाही. कोरड्या बेअरिंगवर धातू धातूला घासला, तापला आणि चिकटला. त्यात कोडं नव्हतं. कोडं दुसरीकडेच होतं.

दवाखान्यात लशींच्या पेटीशेजारी एक तक्ता असतो. नर्स रोज सकाळी सहाला बाहेरचं तापमान त्यावर लिहिते. शुक्रवारचा आकडा मी वाचला. उणे सतरा. वरच्या गावात दुपारी एकला किती होतं, तेही तिनं सोबत नेलेल्या तापमापकाची नोंद बघून सांगितलं. उणे चौदा.

मी परत काकांकडे आले.

"काका, उणे सतराला गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. उणे चौदाला होईना. गाडी तीच, बॅटरी तीच, तेलही तेच. थंडी कमी झाली आणि तेल मात्र जास्त गोठलं. असं होत नाही."

ते हातमोज्यावरचा बर्फ झटकायला लागले.

"म्हणजे सकाळी साडेसहाला इंजिनातलं तेल उणे सतराला नव्हतं. ते गरम होतं. नुकतंच कुणीतरी ओतलेलं."

काकांनी फावडं उचललं आणि जिथला बर्फ आधीच काढला होता तिथंच पुन्हा खरवडायला सुरुवात केली.

"मला निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलंय, पोरी," ते खाली बघून म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात इंजिनाखाली निखाऱ्याची घमेली ठेवली म्हणून डॉक्टरीणबाईंनी लेखी ताकीद दिली. पुन्हा असले जुने उद्योग केलेत तर घरी बसा म्हणाल्या. मला काही विचारू नकोस."

मी विचारलं नाही. त्यांनी सांगायचं ते सांगून टाकलं होतं. फक्त जाताना म्हटलं, "बाबा म्हणताहेत की चूक त्यांचीच असेल. त्यांना खरंच तसं वाटायला लागलंय."

फावड्याचा आवाज थांबला. मी मागे वळून बघितलं नाही.

४

गरम तेल. ह्या गावात गरम तेलाची जागा एकच होती, आणि ती मला डोळे मिटूनही सापडली असती.

आमच्या स्वयंपाकघरात धुरांड्याची लोखंडी शेगडी आहे. तिच्यासमोर जमीन जळू नये म्हणून जाड पत्रा ठोकलेला आहे. माझ्या लहानपणी कडाक्याच्या दिवसांत संध्याकाळी गावातले ड्रायव्हर इंजिनातलं तेल डब्यात सोडून आमच्याकडे आणून द्यायचे. चाळीस नंबर गाडीत राहिलं तर सकाळी गाडी हलायची नाही. डबे पत्र्यावर ओळीनं लागायचे, सगळे एकसारखे, पाच लिटरचे. तेल आमच्या घरात झोपायचं आणि ड्रायव्हर त्यांच्या घरी. सकाळी बाबा डबे घोंगडीत गुंडाळून न्यायचे आणि इंजिनात ओतायचे. मी त्या ओळीशेजारी बसून गणितं सोडवली आहेत. कोमट तेलाचा तो वास मला पुढे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाला नाही. तिथं तेलाला वास येतो, पण त्यात दूध उतू गेल्याचा वास मिसळलेला नसतो.

ओळीची व्यवस्था आईकडे होती. ती सदानकदा काहीतरी विणत असायची. प्रत्येक डब्याच्या कडीला ती वेगळ्या रंगाची लोकर बांधायची. जीप तांबडी, टपालगाडी हिरवी, दुधाची गाडी पांढरी. शिवाय जो सगळ्यात आधी निघणार त्याचा डबा डाव्या टोकाला. मी कॉलेजात गेले तोवर हिवाळी तेलं आली, आणि ओळ संपली. आईला जाऊन आता दोन वर्षं झाली.

मी पत्र्यासमोर उकिडवी बसले. राखेच्या पातळ थरात दोन गोल उमटले होते. पाच लिटरच्या डब्याच्या बुडाएवढे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर.

बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.

"गुरुवारी संध्याकाळी तुम्ही व्हॅनचं तेल काढलंत," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"बोल्टानं. आणि शुक्रवारी सकाळी गरम करून परत ओतलंत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "उणे वीसचा अंदाज होता. वर बाळंतीण. थंडीचं तेल टिकलं असतं बहुधा, पण बहुधावर कुणी जात नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "खरं सांगू? त्याची काही फार गरज नव्हती. एकदा तरी करून बघावंसं वाटलं. तुझी आई असताना करायचो तसं."

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"ते विचारू नको. शब्द दिलाय."

"बरं. जे काढलंत तेच परत ओतलंत?"

"तेच तर!" बाबांचा आवाज चढला, आणि लगेच बसला. "तेच ओतलं असं मला वाटतंय. बोटावर घेऊन बघितलं. पातळ होतं, पाण्यासारखं. पण आता दादा म्हणतो चाळीस निघालं, तूही म्हणतेस दाट आहे. मग मी काय बघितलं? काय आठवतंय मला? काल रात्रभर मी हेच धरून बसलोय. आज हे विसरलो, उद्या तुझं नाव विसरेन."

मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बोटांच्या रेषांत पन्नास वर्षांचं काळं भरलेलं आहे. कितीही धुतलं तरी जात नाही.

"बाबा, दुसरा डबा कुणाचा होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पत्र्याकडे.

"दुसरा कुठला?" ते म्हणाले. "मी एकच ठेवला होता."

५

दुसऱ्या डब्यात काय असेल याचा अंदाज मला होता. चाळीस नंबरचं पिंप बघितलं तेव्हा त्याच्या तोटीखाली अजून न वाळलेला ओघळ होता. पाना म्हणाला, महिनाभरात आपण त्याला हात लावलेला नाही. बाबाही तेच म्हणाले. घरात उरला एकच माणूस.

पण ओघळ म्हणजे पुरावा नव्हे. मी गॅरेजभर फिरले. मागच्या बाजूला एक कोठार आहे, जुन्या टायरांचं. त्याचं शटर वर्षानुवर्षं गंजून अडकलेलं होतं. आज मी हात लावला तर ते सरसर वर गेलं. दोन्ही बाजूंच्या खाचा तेलानं ओल्या होत्या, आणि खाली फरशीवर दोन थारोळी साचली होती.

चाळीस नंबर अशा थंडीत खाली वाहत नाही. लावलं तिथं चिकटून बसतं. म्हणूनच तर ते शटरला लावायचं. हे तेल मात्र पाण्यासारखं ओघळून गेलं होतं. दाराआड पाच लिटरचा डबा होता, वरून चार बोटं रिकामा. मी काडी बुडवली. थेंब पडला, मला आकडा म्हणायलाही वेळ मिळाला नाही. रंग काळपट होता. इंजिनात तीन आठवडे फिरलेल्या तेलाचा रंग.

तरी मी मोजायचं ठरवलं. ही माझी खोड आहे. आईच्या औषधाच्या चार एकसारख्या बाटल्या घेतल्या. एकीत व्हॅनमधलं तेल, एकीत पिंपातलं, एकीत ह्या डब्यातलं आणि चौथीत सीलबंद डब्यातलं ताजं पाच-तीस. चारही बाटल्या बर्फ आणि मीठ कालवलेल्या बादलीत तासभर ठेवल्या, म्हणजे सगळ्यांचं तापमान एक. मग पानाच्या डब्यातल्या एकाच मापाच्या छर्ऱ्याच्या गोळ्या एकेक करून सोडल्या. ताज्या तेलात गोळी तळाला जायला तीन सेकंद. कोठारातल्या डब्यात तीन. पिंपातल्या तेलात चौपन्न. व्हॅनच्या तेलात बावन्न.

"दोनचा फरक कसला?" पानानं विचारलं.

"फिल्टरमध्ये थोडं थंडीचं तेल राहिलं असेल. ते मिसळलं."

पाना बाटल्यांकडे बघत राहिला. "म्हणजे डबे बदलले," तो म्हणाला.

मग मी पिंपातल्या तेलाची बाटली पुसली आणि शेगडीजवळ नेऊन ठेवली. अर्ध्या तासानं तीत गोळी सोडली. ती टपकन तळाला गेली.

दादा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक.

"ह्यातून काय सिद्ध होतं?" त्यानं विचारलं.

"कोठाराचं शटर कुणी मोकळं केलं, दादा?"

त्यानं खांदे उडवले. "मी. सोमवारी तो माणूस येणार. शटरच उघडलं नाही तर जागा काय दाखवू? बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी उघडू दिलं असतं?"

"आणि हा डबा कुठून आणलास?"

"पिंपातून भरला. गारठून दगड झालेलं, म्हणून गुरुवारी जेवण झाल्यावर मऊ व्हायला ठेवून दिला आणि शुक्रवारी सकाळी..."

तो थांबला. मग जवळच्या टायरवर हळूच खाली बसला.

"कुठं ठेवला होतास?" मी विचारलं, जरी आता विचारायची गरज नव्हती.

"शेगडीजवळ," दादा म्हणाला.

६

रविवारी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात बसलो. बाबा खुर्चीत, दादा खिडकीशी, पाना दाराजवळच्या स्टुलावर. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि ड्रायव्हरकाका आत आले, टोपी हातात घेऊन.

"उस्ताद, तुमचा शब्द मीच मोडलाय," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगून आलो. तेल काढायची कल्पना माझी होती."

"आणि?" बाबांनी विचारलं.

"लिहून द्या म्हणाल्या. दिलं. मग म्हणाल्या, निखाऱ्यापेक्षा हे बरं होतं, निदान आग तरी लागली नसती." ते बसले. "पुढचं त्या ठरवतील. पण तुम्ही वेडे झालात असं गाव म्हणतंय ते ऐकून घेत वर्ष काढणं मला जमणार नाही."

मग मी क्रमानं सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी बाबा आणि काकांनी व्हॅनमधलं पाच-तीस डब्यात काढलं. बाबांनी डबा पत्र्याच्या डाव्या टोकाला ठेवला, कारण आधी निघणाऱ्याची जागा ती. जेवण झाल्यावर दादा चाळीस नंबरचा डबा घेऊन आला. डावी जागा शेगडीच्या तोंडाजवळ, म्हणून जास्त ऊब. तिथला डबा त्याला टाकाऊ तेलाचा वाटला. त्यानं तो उजवीकडे सरकवला आणि आपला डावीकडे ठेवला. शुक्रवारी पहाटे अंधारात बाबांनी सवयीनं डावा डबा उचलला, आणि सवयीनंच बोट बुडवलं.

"रात्रभर शेगडीजवळ राहिलेलं चाळीस थंड हिवाळी तेलापेक्षाही पातळ होतं," मी म्हणाले. "काल बाटलीत बघितलं. बाबा, तुमच्या बोटांनी खरं तेच सांगितलं. तेल पातळच होतं. फक्त ते कशामुळे पातळ आहे, हे बोट सांगू शकत नाही. मला विचारलं असतंत तर मीही फसले असते."

"पातळ म्हणून गाडी सकाळी सुरू झाली," पाना म्हणाला.

"आणि वर पाच तास वाऱ्यात उभी राहिल्यावर ते पुन्हा चाळीस झालं. इकडे दादानं उरलेला डबा आपलाच समजून नेला आणि त्यातलं तेल शटरला लावलं. ओघळतंय हे दिसलं, पण त्याला वाटलं की छान गरम झालंय."

"मला तेच वाटलं," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो की बाबांचं डोकं चालेनासं झालंय. आणि डबा मी हलवला होता." तो वळला. "बाबा, मला जागा विकायची हौस नाही. दर हिवाळ्यात तुम्ही ह्या फरशीवर गाडीखाली झोपता. मी वर्गात शिकवत असतो आणि कान फोनकडे असतो. आणखी किती दिवस?"

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," बाबा म्हणाले.

"नाही."

"जो ठेवला तो डावीकडेच ठेवला होता."

"हो, बाबा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. मग ते स्वतःशीच हसायला लागले, आवाज न करता.

"इतकी वर्षं एका हिवाळ्यात शे-दोनशे डबे ह्या पत्र्यावर आले," ते म्हणाले. "एकदाही अदलाबदल झाली नाही. लोक म्हणायचे, उस्तादांची बोटं. मीही तसंच समजत होतो. आणि ती बिचारी कोपऱ्यात बसून लोकर बांधत होती. एकदाही म्हणाली नाही, की अहो, बोटं राहू द्या, रंग बघा."

"म्हणाली होती, उस्ताद," काका म्हणाले. "मला म्हणाली होती. त्यांना सांगू नका म्हणाली."

आता सगळेच हसले, दादासुद्धा. पाना फक्त गप्प होता. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो पायांकडे बघत होता. निर्दोष सुटलेले बाबा उद्या पुन्हा गाडीखाली झोपतील, आणि दादा पुन्हा कुणाला तरी जागा दाखवायला आणेल, हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. दोन हिवाळे तो ह्याच 'बघू'मध्ये अडकून बसला होता. शहरातल्या मोठ्या गॅरेजनं त्याला दोनदा बोलावलं होतं. हे मला काकांनी सांगितलं, पानानं कधीच नाही.

बाबाही त्याच्याकडे बघत होते.

"पाना, व्हॅनला किती दिवस लागतील?"

"बेअरिंग गेलेत. इंजिनाचा दांडा घासून घेता आला तर आठवडा."

"तू एकटा करशील?"

"तुम्ही असताना एकटा कशाला, उस्ताद?"

बाबांनी खुर्चीच्या हातावर भार दिला आणि उठून उभे राहिले. मी आधार द्यायला पुढे झाले. त्यांनी मला मानेनंच नको म्हटलं. आधी ते दादाकडे वळले.

"त्या माणसाला सांग, येऊ नको. जागा द्यायची नाही." मग पानाकडे वळले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "उद्यापासून गॅरेज तुझं. मी आता गाड्यांना हात लावणार नाही."